मिस वेस्टींचा स्वल्पविराम

दर गुरुवारी दुपारी तीनच्या ठोक्याला मर्टल वेस्टी कालव्यालगतच्या त्या अरुंद घराची कडी वाजवायची आणि आतून मिस्टर बकेल यांचा आवाज यायचा, ‘या, मिस वेस्टी, दार उघडंच आहे.’ दार उघडं असतं हे तिला ठाऊक होतं आणि कडी वाजवल्याशिवाय ती आत यायची नाही हे त्यांना. बेचाळीस वर्षांच्या ओळखीत दोघांनी एकमेकांना कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. आता या वयात ती सवय कोण मोडतंय?

बकेल शहात्तरचे होते आणि त्यांची नजर गेली होती. कडेकडेनं थोडं दिसायचं, मधोमध नुसता करडा डाग. चहाची किटली सापडायची, अक्षर सापडायचं नाही. आयुष्यभर अक्षरावर जगलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं याचा मर्टलला राग यायचा. त्यांना मात्र नाही. त्यांनी आपला उपाय काढला होता. ऑक्सफर्डच्या लव्हग्रोव्ह छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून घालवलेल्या दिवसांच्या आठवणी त्यांनी पुतणीला सांगितल्या, तिनं त्या टाइप केल्या, आणि पर्सी क्वार्टरमेन या जुन्या कंपोझिटरनं परसातल्या शेडमध्ये हातानं शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवत त्या छापायला घेतल्या. प्रती फक्त चाळीस, कारण लव्हग्रोव्हमधली माणसंही साधारण तेवढीच उरली होती. क्वार्टरमेन आठवड्याला एक प्रकरण जुळवायचा, त्याचं प्रूफ सायकलवरून आणून टाकायचा, आणि मर्टलनं ते वाचून दाखवलं की बकेल ऐकून चुका काढायचे.

हे काम तिला नवं नव्हतं. लव्हग्रोव्हमध्ये एकतीस वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतींची खुराडी होती, प्रत्येकात एक टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं. बकेल यांच्यासमोर प्रूफ, मर्टलच्या हातात लेखकाचं हस्तलिखित. ती मोठ्यानं वाचणार, ते ऐकता ऐकता प्रूफवरून पेन फिरवणार. आणि वाचणार म्हणजे सगळंच वाचणार. लेखकानं जिथं जी खूण केली असेल ती खूणही तोंडानं म्हणायची, आणि ती एका श्वासात जावी म्हणून तोडून म्हणायची. ‘राजा स्वल्प राणी स्वल्प आणि त्यांचा कुत्रा नदीकाठी गेले पूर्ण.’ आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, हसू आलं तर गिळायचं. मर्टलच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की एकदा ती दूधवाल्याला म्हणाली, ‘दोन बाटल्या दूध स्वल्प आणि सहा अंडी पूर्ण,’ आणि तो बिचारा पुढची दोन वर्षं तिला ‘स्वल्पबाई’ म्हणत होता.

त्या राजाराणीच्या वाक्यात ‘आणि’च्या आधी एक स्वल्पविराम आहे ना, त्यावर लव्हग्रोव्हमध्ये माणसं अक्षरशः एकमेकांशी बोलेनाशी झालेली आहेत. गावातल्या मोठ्या छापखान्याचा तो नियम, म्हणून आपलाही नियम, असं मालकांनी ठरवून टाकलं होतं. यादी कसलीही असो, शेवटच्या नावाआधी, ‘आणि’च्या अलीकडे, स्वल्पविराम पडलाच पाहिजे. क्वार्टरमेन आधी वर्तमानपत्रात होता, आणि वर्तमानपत्रवाले तो स्वल्पविराम वापरत नाहीत. चहाच्या सुटीत तो जिन्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, ‘एका दाराला दोन कड्या कशाला? “आणि” म्हटलं ना एकदा, झालं.’ त्यावर बकेल बशीत कप ठेवून शांतपणे म्हणायचे, की पंगतीला शेवटी आलेल्या माणसालाही स्वतःची खुर्ची मिळायला हवी, त्याला आधीच्याच्या मांडीवर बसवू नये. जिना हसायचा. हा वाद सोळा वर्षं चालला आणि कुणी जिंकलं नाही. कुणाला जिंकायचं होतं असंही मर्टलला वाटत नाही. आता तो जिना नाही, खुराडी नाहीत, छापखान्याच्या जागी मोटारी ठेवायची जागा झाली आहे, आणि तिथून जाताना तिच्या नाकाला अजून शाईचा वास येतो. तिला त्या दिवसांची फार, फार आठवण येते, आणि हे कबूल करायला ती लाजत नाही.

लाज तिला दुसऱ्या एका गोष्टीची होती. बकेल यांच्या आठवणी पासष्ट सालापर्यंत पोचणार होत्या, आणि पासष्ट साली मर्टल खोटं बोलली होती.

झालं होतं ते असं. मिस पेनिफोल्ड नावाच्या एका वयस्क बाईंनी नदीकाठच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं होतं. अर्पणपत्रिकेत चारच नावं होती, त्यांच्या भावंडांची: ॲग्नेस, विल्फ्रेड, रोझ आणि रूपर्ट. शेवटची दोघं जुळी. सहा वर्षांची असताना घटसर्पानं एकाच आठवड्यात गेली आणि एकाच थडग्यात आहेत. बाईंनी मालकांना पत्र लिहून विनंती केली होती, की या दोघांच्या मध्ये काही घालू नका. मालक माणूस कठोर होता, पण त्यानं ऐकलं. हस्तलिखिताच्या कडेला त्यानं स्वतः पेन्सिलीनं टीप लिहिली: येथे स्वल्पविराम नको, नियम बाजूला ठेवावा. क्वार्टरमेननं टीप पाहिली आणि आनंदानं, हो, आनंदानंच, तो स्वल्पविराम गाळून खिळे जुळवले.

मग प्रूफ वर आलं. शुक्रवार होता, सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मर्टलची आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, शेजारीण चारनंतर थांबायची नाही. मर्टल वाचत सुटली. कडेची टीप तिनं पाहिली आणि वाचली नाही, आणि तोंडाला सोळा वर्षांची सवय, ते आपोआप म्हणालं, ‘रोझ स्वल्प आणि रूपर्ट पूर्ण.’ बकेल यांनी प्रूफवर पाहिलं, स्वल्पविराम नव्हता, त्यांनी तो घातला. कंपोझिटर चुकला असेल असं त्यांना वाटलं, दुसरं काय वाटणार?

सहाशे प्रती शिवून झाल्यावर मिस पेनिफोल्ड पुस्तक हातात घेऊन आल्या. आरडाओरडा केला नाही. मालकांच्या टेबलावर ते पान उघडून ठेवलं आणि म्हणाल्या, की चौसष्ट वर्षांत त्यांना कुणी वेगळं केलं नव्हतं. मालकांनी सगळ्या प्रतींतलं ते पान कापून नवं डकवून देण्याचा हुकूम सोडला आणि बकेल व मर्टल दोघांना बोलावलं.

‘टीप वाचलीत, मिस वेस्टी?’

‘वाचली, सर.’

‘स्वल्पविराम म्हणालात?’

‘नाही, सर.’

एवढंच. मालक त्या वर्षी वाचणाऱ्या बायकांतल्या दोघींना कमी करणार अशी कुजबुज होती, आणि घरात एकच पगार होता. हे खरं कारण. पण याहूनही खरं कारण असं, की बकेल शेजारी उभे होते आणि त्यांच्यासमोर आपण क्षुद्र ठरू हे तिला सहन होईना. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते मालकांना म्हणाले, की मिस वेस्टी वाचलं म्हणतात म्हणजे वाचलंच असणार. दोष माझ्या कानांचा.

बकेल तेव्हा मुख्य मुद्रितशोधक होते. मालकांनी त्यांना काढलं नाही, उलट असू द्या, होतं असं कधीकधी, म्हणाले. पण ज्या माणसाला न बोललेला स्वल्पविराम ऐकू येतो आणि मोठ्यानं वाचलेली टीप ऐकू येत नाही, त्यानं पुस्तकं तपासू नयेत, असं बकेल यांनी स्वतःच ठरवलं. त्यांनी खुर्ची सोडली आणि मागून घेतलं काय, तर आकडे. लॉगॅरिदमची कोष्टकं, रेल्वेची वेळापत्रकं, परीक्षांचे निकाल. आकड्यांत ऐकण्यासारखं काही नसतं, ते म्हणाले, प्रत्येक आकडा पुन्हा विचारता येतो. आणि ते पुन्हा विचारायचे. ‘सात म्हणालात ना, मिस वेस्टी? नक्की सात?’ इतिहास, प्रवासवर्णनं, कविता, सगळं दुसऱ्या टेबलांवर गेलं आणि पंधरा वर्षं मर्टलनं त्यांना आकडे वाचून दाखवले. ते चर्चच्या गायनवृंदात गायचे, तेही सोडलं. पेनिफोल्डबाईंच्या पुस्तकाआधीच्या महिन्यात त्यांनी तिला एका संगीताच्या कार्यक्रमाला येणार का असं विचारलं होतं आणि ती गेली होती, हिरवा कोट घालून. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. साऱ्या छापखान्याला या दोघांचं काय ते कळत होतं, फक्त या दोघांनीच ते कधी उच्चारलं नाही.

दर वर्षी ती ठरवायची, की आता सांगायचं. आधी आई होती, मग आई गेली तर मालक होते, मग मालक गेले तर इतकी वर्षं झाली होती की सांगणं हाच दुसरा गुन्हा वाटायला लागला. आणि आता गुरुवार होते. गुरुवार सोडले तर मर्टलच्या आठवड्यात लायब्ररी आणि दंतवैद्य याशिवाय काही नव्हतं.

ऑक्टोबरातल्या तिसऱ्या गुरुवारी क्वार्टरमेन दारातच भेटला. सायकलला टेकून उभा होता, मिशीला पावाचा चुरा चिकटलेला.

‘आलीस का पोपटपंची करायला?’ तो म्हणाला. ‘आज माझं आवडतं प्रकरण आहे बघ. मी बरोबर आणि म्हातारा चूक. आयुष्यात एकदाच झालं ते, मी चांगले ठळक खिळे लावणार होतो, पण नाही म्हणाला.’

ती आत गेली, कोट काढला, चहा ओतला, त्यांच्या कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवून ठेवला, आणि प्रूफ घेऊन बसली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. त्यांत मालकांच्या मुलाच्या लग्नाची गंमत होती आणि बकेल स्वतःच्याच वाक्यावर हसले. तिसऱ्या पानावर पेनिफोल्डबाई आल्या.

हे पान गाळता येईल, तिच्या मनात आलं. त्यांना काय दिसतंय? चार ओळी सोडून पुढं गेलं तर फार तर ते विचारतील, आणि आपण म्हणू पर्सीनं गाळलं असेल. एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणायला काय जड जातंय? हे मनात आलं आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की ती वाचायलाच लागली, नेहमीच्या सपाट आवाजात, एकही खूण न सोडता.

‘त्या दिवशी मिस वेस्टी यांनी कडेची टीप वाचली होती स्वल्प आणि स्वल्पविराम उच्चारला नव्हता पूर्ण. मला मात्र तो ऐकू आला पूर्ण. जे कुणी बोललं नाही ते ऐकू येणाऱ्या कानांवर विसंबून कुणाच्या पुस्तकाला हात लावू नये असं मी ठरवलं पूर्ण. त्यानंतर आजवर मला माझ्या कानांची खात्री वाटलेली नाही पूर्ण. पुस्तकं गेली याचं दुःख आहेच स्वल्प पण माझ्यामुळे मिस वेस्टींचीही पुस्तकं गेली याचं अधिक आहे पूर्ण.’

पान संपलं. प्रत्येक पान संपलं की ते एकच शब्द विचारायचे आणि आताही त्यांनी तो विचारला.

‘दुरुस्ती?’

‘एक आहे,’ मर्टल म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. ‘पहिलं वाक्य. मिस वेस्टींनी टीप वाचली नव्हती. आणि स्वल्पविराम म्हणाल्या होत्या.’

बाहेर कालव्यावरून एक नाव जात होती, तिच्या इंजिनाचा आवाज आला आणि गेला.

‘पुन्हा सांगा,’ ते म्हणाले.

‘मी टीप पाहिली आणि वाचली नाही. घाई होती मला. आणि मी “रोझ स्वल्प” म्हणाले. मालकांना खोटं सांगितलं. तुम्ही बरोबर ऐकलं होतं, मिस्टर बकेल.’

त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं त्याची तिनं तयारीच केली नव्हती. तो राग नव्हता. चेहरा उजळला, क्षणभर पन्नाशीतला माणूस तिथं बसला होता. ‘म्हणजे मला ऐकू आलं होतं,’ ते हळू म्हणाले. ‘तुम्ही म्हणालात आणि मला ऐकू आलं.’ मग हळूहळू दुसरी बाजू त्यांच्या ध्यानात येत गेली असावी. त्यांनी कप चाचपला, उचलला, न पिता खाली ठेवला.

‘पंधरा वर्षं आपण आकडे वाचले, मिस वेस्टी.’

‘हो.’

‘तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही समोर बसून आकडे वाचले.’

‘हो. मी वाचले.’

‘आज एवढं पुरे,’ ते म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले. खिडकीतून त्यांना काही दिसत नव्हतं. मर्टलनं कप धुऊन ठेवले, कोट घातला आणि ती निघाली. ‘पुढच्या गुरुवारी’ हे शब्द दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिला माहीत. ती रडली, खूप रडली, आणि मधेच एकदा तिला इतकं हलकं वाटलं की तिनं स्वतःसाठी केक केला आणि मग एकटीनं खायचा कसा म्हणून शेजारणीला दिला. गुरुवार आला. दोन वाजता तिनं टोपी घातली, अडीचला काढली. साडेतीनला दारावर थाप पडली, बाहेर क्वार्टरमेन.

‘मर्टल, तू मेलीबिली नाहीस ना? म्हातारा तीन वाजल्यापासून घड्याळाला शिव्या देतोय. मला म्हणतो जा, बघून ये.’

‘त्यांनी सांगितलं तुला?’

‘सांगितलं.’ क्वार्टरमेननं नजर दुसरीकडे वळवली. सायकलच्या हँडलवर लटकलेली पिशवी उगीच सारखी केली. ‘सव्वीस वर्षं मी त्या माणसाला चिडवलं, कानात खिळे अडकलेत म्हणून. तू जिन्यावर बसून माझ्याबरोबर हसायचीस गं.’

‘हसायचे,’ ती म्हणाली. याहून कडू शब्द तिला आजवर कुणी ऐकवला नव्हता, आणि तो बरोबर होता. तिनं टोपी पुन्हा घातली. वाटेत तो सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालला.

बकेल खुर्चीत ताठ बसले होते. तिच्या पावलांचा आवाज आला तसे म्हणाले, ‘पस्तीस मिनिटं उशीर. असं कधी झालं नव्हतं.’

‘मला वाटलं, मी येऊ नये.’

‘मलाही रविवारपर्यंत तसंच वाटत होतं. अजून राग आहे मला. बहुधा नाताळपर्यंत राहील, त्यानंतरचं बघू. बसा.’

ती बसली. क्वार्टरमेन दाराशी उभा राहिला, जावं की थांबावं हे त्याला कळेना.

‘ते पान मी दुरुस्त करणार,’ बकेल म्हणाले. ‘तुमचं नाव तसंच ठेवून. चाळीस माणसं वाचतील. गाळून टाका असं तुम्ही म्हणणार असाल तर आत्ताच सांगा.’

‘नाही म्हणणार,’ मर्टल म्हणाली. चाळीसही चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले, बांधणीतल्या बायका, यंत्रावरचे लोक, सगळे. ‘चूक माहीत असून छापली तर काय उपयोग?’

‘तेच.’ त्यांनी मान हलवली. ‘मलाही ते जमणार नाही. तुमच्यासाठी जमेल का, हे मी आठवडाभर पाहिलं. नाही जमत.’

मग त्यांनी सांगितलं, की त्या पानानंतर त्यांनी एक नवीन पान घातलं आहे. पंधरा वर्षं ज्यावर घालवली त्याचा पुस्तकात मागमूस नसावा हे बरं दिसत नाही, म्हणून कोष्टकाचा एक तुकडा, लॉगॅरिदमचा, एकपासून सुरुवात. क्वार्टरमेन दारातून पुटपुटला, की त्या तुकड्यापायी त्याची कंबर गेली, एवढी शून्यं त्याच्याकडे नव्हतीच, कुठून कुठून मागून आणली. प्रूफ टेबलावर पडलं होतं.

‘वाचा,’ बकेल म्हणाले. ‘सगळं. एकही सोडायचा नाही.’

ही शिक्षा होती हे तिला कळलं, आणि ती इतकी रास्त होती की तिला बरंच वाटलं. तिनं चष्मा सारखा केला आणि जुन्या आवाजात सुरू केलं. एकचा नुसती शून्यं. दोनचा तीन शून्य एक शून्य तीन. तीनचा चार सात सात एक दोन. आकडे तोंडातून निघाले तसे ते खुराडं आलं, पलीकडच्या टेबलांवरची गुणगुण आली, दुपारची काचेतून पडणारी उन्हं आली. किती तिरस्कार केला होता तिनं या आकड्यांचा, आणि आता ते संपू नयेत असं तिला वाटत होतं. समोर बकेल डोळे मिटून, डोकं किंचित कलतं करून ऐकत होते. असं ते पूर्वी कविता ऐकायचे. ‘नक्की?’ म्हणून त्यांनी एकदाही विचारलं नाही. पाचचा सहा नऊ आठ नऊ सात. सहाचा सात सात आठ एक पाच. सातचा आठ चार पाच शून्य एक.

‘चूक,’ बकेल म्हणाले.

मर्टल थांबली. तिनं प्रूफ पाहिलं. ‘इथं तसंच आहे, मिस्टर बकेल. मी जे आहे तेच वाचलं.’

‘तुम्ही बरोबर वाचलंत. क्वार्टरमेननं चूक जुळवलंय. आठ चार पाच एक शून्य.’

क्वार्टरमेन दोन पावलं पुढं आला, खिशातून टाइप केलेला कागद काढला, बोट ठेवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘एक शून्य,’ तो म्हणाला.

बकेल यांनी डोळे उघडलेच नव्हते. त्यांनी हात पुढं केला, टेबलावरचं पेन चाचपून शोधलं आणि ते तिच्या दिशेनं सरकवलं. लव्हग्रोव्हमध्ये प्रूफवर खूण करायचा हक्क फक्त मुद्रितशोधकाचा असायचा, वाचणाऱ्या बाईनं पेनाला हात लावायचा नाही, आणि मर्टलनं तो एकतीस वर्षांत कधी लावला नव्हता. या घरातही आजवर ते तिला आपलं बोट ओळीशी न्यायला लावून वेडीवाकडी खूण स्वतःच करायचे.

‘करा दुरुस्ती,’ ते म्हणाले. ‘मी ऐकतो, तुम्ही करा. आधी हा आकडा, मग मागचं पान.’

तिनं पेन उचललं. आकडा दुरुस्त केला. मग मागचं पान काढलं, आणि ‘मिस वेस्टी यांनी कडेची टीप वाचली होती’ यातला ‘होती’ खोडून तिथं स्वतःच्या अक्षरात ‘नव्हती’ लिहिलं, आणि पुढच्या ‘उच्चारला नव्हता’मधला ‘नव्हता’ खोडून ‘होता’. अक्षर वाचता येण्याजोगं आलं.

‘वाचून दाखवा,’ बकेल म्हणाले.

तिनं वाचून दाखवलं.